तुमची गुलबाक्षी, माझी नीळ

अक्का, परवा कपडे धुतले आणि निळीच्या पाण्याची बादली उचलून सवयीनं मागच्या भिंतीपाशी गेले. "ओतलंस का गं, कौसे?" असा पलीकडनं आवाज यायची वाट बघत उभी राहिले. आवाज कुठनं येणार! पाणी ओतावं की बादली तशीच घरात न्यावी, काही सुचेना. शेवटी ओतलं, आणि धुण्याच्या दगडावर बसून पदर तोंडात कोंबून रडले. तुमच्या तेराव्याला माझ्या डोळ्यात टिपूस नव्हतं. बायांनी ते बरोबर बघितलं, दोघी-तिघींनी एकमेकींना कोपरानं ढोसलंही. ढोसू देत. मला रडू यायला बादली लागते हे त्यांना काय ठाऊक.

आज लिहायला बसले, कारण काल तात्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून मला तुमचा राग आलाय, आणि तेवढीच माया दाटून आलीय. कुणाशी तरी बोलल्याशिवाय जीव थाऱ्यावर यायचा नाही, आणि जिच्याशी बोलायचं ती बाई तर निघून गेली. तर ऐका. मधेमधे तोडू नका. आता तरी.

मी ह्या खोलीत आले तेव्हा माझ्या हातावरची हळद नुकती उतरली होती. ह्यांना सोसायटीत क्लार्कची नोकरी लागली, तुमचे मालक तात्या तिथले सेक्रेटरी. गोदामामागं नोकरमाणसांसाठी बांधलेल्या खोल्या. मागच्या अंगणात कमरेएवढी भिंत, तिच्या त्या अंगाला तुम्ही, ह्या अंगाला आम्ही. "बुद्धाची दीक्षा घेतलेली माणसं सेक्रेटरीच्या शेजाराला?" अशी लोहाऱ्यात कुजबुज झाली होती. मला ती पहिल्याच आठवड्यात विहिरीवर ऐकवली गेली. त्यातनं तुम्ही तुळजापूरच्या, देवीच्या पुजाऱ्याच्या घरातल्या. मी ठरवलं, ह्या बाईकडं बघायचंच नाही. मान खाली घालून धुणं धुवायचं, मान खाली घालून वाळत घालायचं. पण कमरेएवढ्या भिंतीपुढं माणूस किती दिवस मान खाली घालणार?

आणि भिंतीच्या तुमच्या अंगाला ती पांढरी गुलबाक्षी. दुपारभर नुसती मरगळलेली पानं, आणि उन्हं कलली की एकेक फूल उघडायचं. वास तर असा, की चुलीपाशी बसलेल्या मला कळायचं, आता ह्यांची घरी यायची वेळ झाली. गुलाबी गुलबाक्षी मी रग्गड बघितली होती, आमच्या माकणीत उकिरड्यावरसुद्धा उगवते. पण धुतल्या कपड्यासारखी पांढरी मी पहिल्यांदा तुमच्याकडं बघितली.

एका पौर्णिमेला मी भिंतीशी रेंगाळत होते. वंदनेला पांढरी फुलं पाहिजे होती आणि मागायची हिंमत नव्हती.

"काय बघतीस? फुलं पाहिजेत?" तुम्ही विचारलंत.

"व्हय."

"कशाला?"

"पौर्णिमा हाय. वंदनेला."

तुम्ही पदर कमरेला खोचलात. मग ओंजळभर फुलं तोडून भिंतीवर ठेवलीत. माझ्या हातात नाही, भिंतीवर. ते मला दिसलं बरं का, अक्का. पण फुलं ताजी होती आणि मी ती उचलली.

"सुशीची आहेत," म्हणालात. "जपून ने."

सुशी कोण, ते पुढच्या पौर्णिमेला सांगितलंत. तुमची एकुलती एक पोर. आजोळी तुळजापूरला गेली होती, तिथल्या परसातला गुलबाक्षीचा गड्डा स्वतः उकरून परकराच्या ओच्यात घेतला, आणि एसटीत लोहाऱ्यापर्यंत कुणालाही हात लावू दिला नाही. स्वतः खड्डा केला, स्वतः लावला. पुढच्या साली तापाचं निमित्त झालं आणि पोर गेली. "झाड राहिलं," एवढं बोलून तुम्ही आत गेलात. मी फुलं हातात धरून तिथंच उभी.

त्यानंतर मी माकणीला गेले तेव्हा आईच्या दारातला एक गड्डा आणून भिंतीच्या माझ्या अंगाला लावला. राणी रंगाची निघाली. तुम्ही भिंतीवरनं वाकून बघितलंत आणि नाक मुरडलंत.

"अगाई! कसला हा भडक रंग! डोळे दिपले की."

"असू द्या. तुमची सोवळ्यातली, माझी लग्नातली," मी म्हणाले, आणि तुम्ही पहिल्यांदा माझ्यासमोर खळाळून हसलात. तुम्ही हसता हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मग तो बहात्तरचा दुष्काळ. तुम्हाला आणि मला त्याचं काही सांगायची गरज नाही, आपण दोघींनी काढलाय. सोसायटीतनं मिलो वाटायचं काम तात्या आणि हे सकाळपासनं करायचे, घरी आले की दोघांच्याही अंगाला त्या तांबड्या जोंधळ्याचा कुबट वास. माकणीत माझी आई खडी फोडायला जात होती. पाणी म्हणाल तर विहिरीत पोहरा सोडला की तळाला खडखड वाजायचा. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, आणि भांड्याचं पाणी दारात शिंपडायलासुद्धा जीव व्हायचा नाही.

तसल्यातही मी ह्यांच्या सदऱ्याला नीळ द्यायची सोडली नाही. तुम्ही म्हणायचात, "घोटभर पाण्याला महाग झालोय आणि ही बया नीळ कालवतीय." तुम्हाला ते नखरे वाटायचे. पण माझ्या बापानं आम्हाला एकच शिकवलं होतं, की अर्धी भाकरी खा, पण मळका कपडा घालून चारचौघांत उभं राहू नका, आपल्याला आधीच लोक मळके समजतात. सोसायटीत माझा नवरा त्या मिलोच्या धुरळ्यात बसायचा; त्याचा सदरा पांढराफेक असला की मला वाटायचं, आपण काही हरलेलो नाही.

आणि त्या पाण्यावर नजर कुणाची गेली? तुमचीच. "कौसे, धुण्याचं पाणी वाया घालवू नको. माझ्या घरात झाडाला थेंब उरत नाही. तेवढं सुशीच्या मुळाशी ओत." सुशीच्या मुळाशी. झाडाला तुम्ही नाव घेऊनच बोलायचात. मी धुणं झालं की भिंतीवरनं वाकून ते निळं पाणी तिच्या बुडाशी ओतायचे. माझ्या राणीला मी काही दिलं नाही. म्हटलं, ती उकिरड्यावरची जात, काढील कळ. उन्हाळ्यात दोन्ही वाळून जमिनीसरशी झाल्या. गुलबाक्षी तशी दर उन्हाळ्यात वाळतेच, त्यात नवल नव्हतं.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. भिंतीच्या दोन्ही अंगांना कोंब आले. तुमच्याकडं तर एकाच्या जागी चार-पाच. "बघ, कशी फुटलीय," तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचात. श्रावणात कळ्या धरल्या. त्या दिवशी उन्हं उतरायच्या आधीच तुम्ही भिंतीपाशी पाट टाकून बसला होता, एवढं मला आठवतंय. मी चहाला आधण ठेवलं होतं, तेवढ्यात तुमची हाक आली. हाक कसली, किंकाळी.

मी धावले. फुलं उघडली होती. गुलाबी. एकही पांढरं नाही. एका फांदीला गुलाबीवर पांढरे ओरखडे, एक फूल तर निम्मं असं, निम्मं तसं.

"तुझ्या निळीनं झालं," तुम्ही म्हणालात. "बाटवलीस गं. माझ्या पोरीची गुलबाक्षी बाटवलीस."

अक्का, शब्द तुमचा होता, मी माझा घातलेला नाही. त्या शब्दाला आमच्या घरात काय अर्थ आहे ते तुम्हाला माहीत होतं. पुजाऱ्याच्या पोरीला तो शिकवावा लागत नाही, आणि आमच्या पोरींनाही नाही. नीळ म्हणताय पण तुम्हाला आम्हीच म्हणायचंय, असं मला वाटलं. घरात आले, आधण उतरवलं, चूल विझवली. ह्यांना वाटलं डोकं दुखतंय.

त्यानंतर किती दिवस आपण बोललो नाही, मी मोजले नाहीत. तुम्ही धुणं धुवायला आलात की मी आत जायचे, मी आले की तुम्ही. दोघींना कपडे वाळवायला एकच ऊन आणि एकच दोरी, त्यामुळं फार तारांबळ व्हायची. निळीचं पाणी मी मोरीत ओतून द्यायचे. मोरीत. ते तुम्हाला ऐकू जावं म्हणून जरा उंचावरनंच ओतायचे.

मग एका सकाळी तुम्ही भिंतीपाशी आलात. हातात तात्यांचं धोतर. आलात आणि म्हणालात, "ह्याला नीळ दे. तुझ्यासारखं पांढरं माझ्याकडनं होत नाही." आणि धोतर भिंतीवर ठेवलं नाहीत, माझ्या हातात दिलंत. तुमची बोटं माझ्या बोटांना लागली, ओली होती. मी नीळ दिली. पिळून झाल्यावर बादली मोरीकडं घेऊन निघाले, तर तुम्ही मागनं ओरडलात, "तिकडं कुठं? इकडं ओत. सवय झालीय तिला."

आता काय म्हणावं ह्या बाईला! मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "आता गं बाई, निळीनंच बाटली म्हणता आणि परत नीळच ओत म्हणता?"

"ओत म्हणते ना!"

ओतलं. शब्द तुम्ही परत घेतला नाहीत. मीही मागितला नाही. पण त्या दिवसापासनं आपलं भांडण सुरू झालं, आणि ते तुम्ही जाईस्तोवर चाललं.

काय काय नाही केलं मी तुम्हाला खोटं पाडायला! वर्षभर माझ्या राणीला नीळ पाजली. म्हटलं, निळीनं रंग फिरत असेल तर ही जांभळी होऊन दाखवील. ती होती तशीच भडक. तुम्हाला भिंतीपाशी आणून दाखवलं, तर म्हणालात, "तुझी आधीच एवढी रंगलेली, तिच्यावर आणखी काय चढणार?" निळीत बुडवलेला पांढरा कागद दाखवला, "हा निळा झाला, गुलाबी झाला का?" तर म्हणे, "कागदाला मुळं असतात का?" एका साली बऱ्याच फुलांत पांढरे पट्टे जास्त आले, तेव्हा तर तुम्ही जिंकल्यासारख्या आलात. "ह्या वर्षी तू हलकी पुडी आणलीस, कौसे. बघ, रंग धरला नाही." मी कपाळावर हात मारला. ह्यांनी आतनं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही न्हाय, सेक्रेटरीणबाई कोर्टात केस जिंकल्या.

माझा भाऊ भीमा तुळजापूरच्या नर्सरीत लागला, तेव्हा मला वाटलं, आता काय बोलतील ह्या! सोसायटीनं दूध संकलन सुरू केलं त्या सुमाराला तो एकदा आला होता. मी मुद्दाम तुम्हाला चहाला बोलावलं. तोवर तुम्ही माझ्या घरचा चहा प्यायला लागला होता, आधी तात्यांना चोरून, मग तात्यांसोबत. मी भीमाला म्हणाले, सांग बाबा ह्यांना.

तो बिचारा सरळ मनाचा. त्यानं झाड बघितलं, खालची माती बघितली, काळ्या मिऱ्यासारखं एक बी उचलून तुमच्यापुढं धरलं. "अक्का, झाड रंग बदलत नसतं शक्यतो. ह्याच्या बुडाशी सालोसाल बी पडतंय. पांढरीच्या फुलावर भिंतीपलीकडच्या राणीचा पराग आला, पाखरं आणत्यात. त्या बियाची रोपं अशी मिसळीच्या रंगाची निघत्यात. जुनं झाड दुष्काळात मेलं असणार, आणि त्याच्या जागी..."

"मेलं म्हणू नकोस," तुम्ही म्हणालात.

आवाज चढवला नव्हता. पण भीमानं बी खाली ठेवलं. तुम्ही कप अर्धा ठेवून उठलात आणि गेलात. मला वाटलं, हरल्या म्हणून रुसल्या. मनातनं, खोटं कशाला सांगू, मला जरा गारही वाटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पूर्ववत. "तुझा भाऊ रोपं विकतो गं, त्याला झाडातलं काय कळतंय. ओत पाणी." आणि मी ओतलं.

सोसायटीचं नवं कंपाउंड घालायला गवंडी आले, तेव्हा तुम्ही त्या कोपऱ्यात कुदळ लावू दिली नाही. पाट टाकून तिथंच बसलात, जेवणही तिथंच मागवलंत. चेअरमन येऊन हात जोडून गेले. कंपाउंड तेवढं वाकडं झालं, अजून आहे. लोक म्हणाले, सेक्रेटरीची बायको म्हणून मिजास. मी म्हणाले, न्हाय, ती बाईच तशी हाय, नवरा चपराशी असता तरी बसली असती.

माझी लेक झाली तेव्हा तुम्ही तिला पायावर घेऊन न्हाऊ घातलंत. "कुणावर गेली गं ही?" असं विचारत तिच्या नाकाकडं बघायचात. मग संध्याकाळी तेच तोंड करून गुलबाक्षीपाशी. एकेक नवं उघडलेलं फूल हातात धरून, "ही कुणावर गेली?" आणि मी इकडनं, "माझ्यावर! बघा की किती भडक." मग तुम्ही शोधून शोधून त्यातल्या त्यात पांढरं फूल काढायचात, एखादाच गुलाबी थेंब असलेलं. पौर्णिमेला ते मला द्यायचात, "एक थेंब चालतो का गं तुमच्यात?" आणि मी म्हणायचे, "चालतो." एक फूल स्वतः घेऊन वाटीत पाणी घालून खिडकीत ठेवायचात. ती वाटी सुशीची होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण एवढं कळायला काय लागतं.

ह्या माघात तुम्ही अंथरुणाला लागलात. ह्या साली पावसानं परत तोंड फिरवलेलं, टँकरचं पाणी, पण तुमच्या गुलबाक्षीला माझी बादली चुकली नाही. थंडी सरता सरता एक शेवटचं फूल आलं होतं, निम्मं पांढरं, निम्मं राणी. मी ते तुम्हाला आणून दाखवलं. तुम्ही ते हुंगलंत, छातीवर ठेवलंत.

"कौसे, त्या दिवशी मी तुला एक शब्द बोलले होते."

"एक? अक्का, तुम्ही मला रोज शंभर शब्द बोलता. कुठला धरू?"

तुम्ही हसलात, हसता हसता ठसका लागला, मग मी पाणी पाजलं, पाठ चोळली, आणि ते बोलणं तिथंच राहिलं. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. तुम्ही पुढं काय म्हणणार होता ते आता मला कधीच कळायचं नाही. माफ कर म्हणणार होता, की "शब्द बोलले, पण नीळ तुझीच होती" म्हणणार होता? तुमचा काही नेम नाही.

आता कालचं ऐका. सोसायटीला ह्या खोल्या पाडून खताचं गोदाम वाढवायचंय. आम्ही स्टँडच्या मागं दोन खोल्या बांधल्यात, तिथं जातोय. तात्या तुमच्या भावाकडं तुळजापूरला निघालेत. मी म्हणाले, तात्या, गुलबाक्षी इथं सोडायची नाही. तिला घेऊन जाऊ. ते उठून कुदळ घेऊन आले. त्या कोपऱ्यात कुदळ लावायची माझी छाती होईना, तुम्ही पाट टाकून बसला आहात असंच वाटत होतं.

आधी कडेचे गड्डे निघाले. चांगले मनगटाएवढे, काळे, रताळ्यासारखे. एक, मग दुसरा, मग तिसरा. सगळे भोवतीनं. मधली जागा, जिथं सुशीनं खड्डा केला होता, तिथं मी हातानं माती काढत गेले. कोपरापर्यंत हात गेला. काही नाही. नुसती भुसभुशीत माती.

"तात्या, मधला गड्डा कुठाय?" मी विचारलं.

तात्या धुण्याच्या दगडावर बसले. म्हातारे झालेत हो ते, तुमच्यामागं एकदम झाले.

"नाही तो," ते म्हणाले. "त्या दुष्काळातच गेला. वैशाखात तिनं इथं उकरून बघितलं होतं. मी दारात होतो. गड्ड्याचा भुगा झालेला, नुसतं कवच हाताला आलं. मला म्हणाली, कुणाला सांगू नका. माती परत लोटली आणि वरनं हात फिरवत बसली, पोराच्या अंगावरनं फिरवतात तसा."

"मग निळीचं?"

"पावसात ही रोपं आली. मी म्हणालो, पडलेलं बी उगवलं असंल. तर म्हणाली, नाही, तीच आहे. कौसाच्या निळीनं रंग फिरला. मी तिला कधी म्हणालो नाही, की तू स्वतःच्या हातानं बघितलंस ना. कसं म्हणणार, कौसा? तू म्हणाली असतीस?"

मी खड्ड्यात हात घालून तशीच बसले. अक्का, तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासनं ठाऊक होतं! मी कागद काय दाखवले, राणीला नीळ काय पाजली, भावाला काय आणून बसवला, आणि तुम्ही सगळं जाणून माझ्याशी तोंड वर करून भांडत होता. नीळ खोटी ठरली असती तर सुशीची गुलबाक्षी मेलेली होती. नीळ खरी असली, की ती जिवंत होती, नुसती रंगली होती. एवढी साधी गोष्ट, आणि माझ्या ध्यानात आली नाही. दर वेळी मी जिंकायला निघायचे, आणि तुम्ही त्या झाडापुढं आडव्या यायचात.

मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी त्याच क्षणी म्हणाले असते, व्हय अक्का, नीळच. पण रात्रभर विचार केला तेव्हा कळलं, ते तुम्हाला चाललं नसतं. कीव करून म्हटलेलं व्हय तुम्हाला नको होतं. खरोखरीची भांडणारी पाहिजे होती. मी तावातावानं नाही म्हणायचं आणि तुम्ही तावातावानं व्हय म्हणायचं. जी मेली आहे तिच्यावरनं एवढं भांडण कोण करतं? भांडण होतं तोवर पोर होती.

तो शब्द मी तुम्हाला माफ केला, असं मात्र लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्हीच वरनं म्हणाल, लबाड आहेस. तो अजून टोचतो. आता एवढंच वाटतं, की त्या दिवशी तुम्हाला कुणावर तरी टाकायचंच होतं, आणि भिंतीपलीकडं मीच होते. नंतर जन्मभर तुम्ही माझ्याकडनं तेच पाणी मागून घेतलंत, हेही मी विसरत नाही. कुठल्याही बाटलेल्या वस्तूला कुणी असं मागून मागून पाणी घालत नाही.

ह्या गड्ड्यांत तुमची पांढरी निम्मी आहे आणि माझी राणी निम्मी. भीमानं तेव्हाच सांगितलं होतं, आपण दोघींनी ऐकून घेतलं नाही. तुम्ही "मेलं" ह्या शब्दावर अडलात, मी जिंकण्यावर. नाहीतर तेव्हाच कळलं असतं की बाई, ही तर आपल्या दोघींची नातवंडं. किती मजा केली असती.

तात्यांनी एक गड्डा तुळजापूरला न्यायला मागितला. मी त्यातला थोरला निवडला, ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि पिशवीत घालून दिला. आज सकाळी निघताना ते दारात थांबले. पिशवी छातीशी धरलेली.

"तिथं तिची भावजय विचारील गं," म्हणाले. "वन्सं तर पांढरी म्हणून सांगायच्या, ही अशी कशी निघाली, म्हणील. काय सांगू?"

मी डोळे पुसले.

"सांगा, तात्या," म्हणाले, "शेजारीण ऐकायची न्हाय. लई नीळ घालायची."